डावा पीळ

३ मार्च
पोचले एकदाची! आधी विमान, मग बस, आणि शेवटचा टप्पा टेम्पोत वेताच्या भाऱ्यांवर बसून. हाडं खिळखिळी झाली, पण खोली पाहिली आणि शीण पळाला. गोल खोली, भिंती वेताच्या विणलेल्या, एक दार, एक खिडकी. हे सगळं गावच वेतकाम करतं. त्यांच्या मालाचे फोटो काढायचे आणि तो बाहेर विकायला मदत करायची, हे माझं बिनपगारी काम. कारखान्याच्या मालकिणीला सगळे थोरली म्हणतात. तिनं भाजी निवडावी तसे माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि चांगले आहेत म्हणाली. ताईचं बाळंतपण महिनाअखेरीला आहे. त्याआधी घरी येईन असा शब्द दिलाय. चुकले तर ती जन्मभर ऐकवेल.

५ मार्च
आज विणायला बसले. वेत हौदात भिजवतात, नरम असतानाच वाकवतात. सगळ्यांचा पीळ उजवीकडे जातो, माझा डावीकडे, कारण मी डावखुरी. लहानपणी आईनं या हातावर किती चापट्या मारल्या असतील! थोरलीची धाकटी बहीण पोट धरून हसली. म्हणाली, गावभर शोधलं तरी असा पीळ दुसरा सापडायचा नाही, तुझी टोपली चोरीला जाण्याची भीती नाही.

९ मार्च
इथल्या धान्य साठवायच्या कणग्या माणसाएवढ्या उंच. विणणारा आत बसतो, स्वतःभोवती विणत वर जातो आणि शेवटी तोंडातून बाहेर पडतो. मलाही बसवलं. फार मजा आली. कमरेपर्यंत विणलं तेवढ्यात ताईचा फोन आला, म्हणून टुणकन उडी मारून बाहेर आले. सगळ्यांचे हात थांबले. थोरली म्हणाली, आतून सुरू केलेलं अर्धं टाकून उठायचं नसतं, आत्ता बस आणि पुरं कर. मी म्हटलं, उद्या करते. एवढ्याशा गोष्टीवरून चेहरा पाडायचा म्हणजे कमाल आहे.

१३ मार्च
सकाळी टॉवेलच्या दशांची वेणी घातलेली दिसली. परवा पडद्याच्या दोरीची होती. झोपेत चाळे करते वाटतं. हसू आलं.
मागच्या गोदामात फोटो काढायला गेले. तिथे काही कणग्यांना तोंडच नाही, वरपर्यंत बंद. मग त्यांत भरतात कसं, असं धाकटीला विचारलं. आधी भरलेलं असतं, म्हणाली, विणकाम नंतर. पुढे विचारलं तर हौदाकडे निघून गेली.

१८ मार्च
खिडकी विणून बंद केलीय! गच्च, बोटही जात नाही. मी कारखान्यात जाऊन सगळ्यांसमोर तोंड सोडलं. ही कसली थट्टा? पाहुणीला असं वागवतात? थोरलीनं ऐकून घेतलं. आम्ही तिकडे फिरकलोही नाही, एवढंच म्हणाली. मला पटलं नाही. सुरीनं कापून खिडकी मोकळी केली.

१९ मार्च
खिडकी पुन्हा बंद. आधीपेक्षा दाट.
बस्स झालं. उद्या निघते. ताईला कळवलं, तिला आनंद झाला. दादा चिडवतो, टोपल्या विणून पोट भरलं का म्हणून.

२० मार्च
गेले नाही. जाता आलं नाही.
टेम्पोनं बसथांब्यापर्यंत आले, बाकावर बसले होते. जरा डोळा लागला असेल. बस आली, उठायला गेले तर उठवेना. पिशवीचे पट्टे, ओढणी, माझे केससुद्धा बाकाच्या फळ्यांत विणलेले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, वैतागला आणि गेला. मागच्या टेम्पोतून धाकटी आली, तिनं कात्रीनं सोडवलं. ती रडत होती.
पीळ पाहिला. डावीकडे.
गावात असा पीळ दुसरा सापडायचा नाही.

२१ मार्च
थोरलीच्या पाया पडले. म्हटलं, ती अर्धी कणगी द्या, पुरी करते. ती म्हणाली, वेत वाळला, पोरी, आता वाकवलास तर मोडेल. त्याच दिवशी बसली असतीस तर तोंडातून बाहेर आली असतीस. आता हात आपली दुसरी कणगी शोधून घेतील. कापू नकोस, कापलं की आणखी दाट विणतात.
तिला माझी दया येते. तिची दया मला नको, मला घरी जायचंय.

२४ मार्च
हात बांधून झोपले. दातांनी गाठ सोडली असणार, ओठ फुटलेत. दारातली वीण गुडघ्यापर्यंत आलीय. वेत कोण आणून ठेवतं? रोज भिजवलेला भारा दाराशी असतो. धाकटीला विचारलं. नाही ठेवला तर केस घेशील, म्हणाली, आणि केस संपले की —

२६ मार्च
आता जागेपणीही. बघत असते आणि थांबवता येत नाही. डावा हात विणतो, मी उजव्यानं लिहितेय, अक्षर वाकडं. दार गळ्यापर्यंत. दादाला फोन केला, ये, मला घेऊन जा. निघाला तो. चार्जरची वायर आता भिंतीत आहे, फोन बंद पडला.

२८ मार्च
दारात वर वीतभर फट. तेवढाच उजेड.
ताईला मुलगी झाली असेल. की मुलगा. मी नव्हते तिथे.

२९ मार्च
दादा आलाय! त्याचा आवाज — अंगणात. थोरलीला विचारतोय माझी बहीण कुठे. ती सांगतेय, येईल, हातातलं काम संपलं की. तो हसला. हसला!
ओरडते आहे. आवाज भिंतीतच राहतो. वीण फार दाट.
फट आता बोटभर, वही जात नाही. पान फाडून टाकते —
फाडलं. डाव्या हातानं घेतलं. पट्ट्या केल्या. विणल्या.
दादा हाक मारतोय. लहानपणीच्या नावानं. जवळ आलाय, भिंतीवर हात फिरवतोय, म्हणतोय काय सुरेख काम आहे —
दादा, पीळ बघ. डावा. तुला माहीत आहे, आई ज्या हातावर मारायची —
एकच वेत उरलाय. त्याला दोन्ही हात लागतात. उजवा पेन सोडत नाहीये, मी धरून ठेवलाय, धरून ठेव —