पूजेतल्या कविता

खामगाव, खांडेनवमी, १९७५

सुटलो. आणीबाणीविरुद्धच्या माझ्या कविता सकाळीच माझ्या पुस्तकांच्या दुकानात सरस्वतीपूजेला मांडलेल्या पुस्तकांखाली सरकवल्या होत्या. वर झेंडूचं एक फूल.

दुपारी झडतीला हवालदार आला. कपाटं उपसली, गल्लाही पाहिला. तेवढ्यात ते फूल घसरलं. संपलं, म्हटलं. पण त्यानं बूट काढले, फूल उचलून परत जागेवर ठेवलं.

"पूजेतल्या पुस्तकाले हात नाही लावत, भाऊ. साहेबाले सांगतो, काहीच नाही भेटलं."

महायुद्धात फ्रान्समधला एक पुस्तकविक्या कवीही बंदी असलेल्या कविता अशाच जपायचा म्हणे. त्याच्याकडे झेंडू कुठला?

सरस्वती रागावली असेल का? जाताना हवालदार पूजेपुढं वाकून पाया पडला. माझ्या कवितांपुढं आजवर इतकं कोणी वाकलं नव्हतं.