म्हाताऱ्याचा कप्पा

दि. २ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू गुरांचा डॉक्टर, म्हणून हे पत्र भावाला कमी आणि डॉक्टरला जास्त. माझ्या शेडमधल्या चाळीस तरण्या डुकरिणी साडेसात महिन्यांच्या झाल्या, तरी एकही माजावर आलेली नाही. रोज सकाळी पाठीवर हात दाबून बघते. थबकून उभं राहायचं सोडून सगळ्या पळतात. मालकांनी बजावलंय, एकतीस तारखेपर्यंत ज्या वयात येणार नाहीत त्या कत्तलखान्याच्या गाडीत. दादा, मला फार भीती वाटते. यातल्या कितीतरी जणींना मी बाटलीने दूध पाजलंय.

नर जवळ असला की लवकर वयात येतात, हे तूच सांगितलं होतंस. म्हणून त्या दोन महिन्यांच्या असल्यापासून आमचा म्हातारा नर शेजारच्याच कप्प्यात ठेवलाय. जाळीपाशी त्याला टेकून झोपतात. फ्रिजमध्ये संप्रेरकाची इंजेक्शनं आहेत. सरसकट टोचू का? लवकर कळव.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.

तुझी ठमी

दि. ७ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आधी हसलो, मग गाडीची तारीख वाचली आणि लगेच लिहायला बसलो. नर जवळ हवा, हे मी म्हणालो खरं, पण पाळण्यापासून नव्हे गं. तुझ्या पोरींच्या लेखी तो घरातला काका झालाय. परक्या नराचा वास आला की अंडाशय जागे होतात. काकाच्या वासाने कोण जागं होणार? त्यात दिवस मोठे, उकाडा मरणाचा, खाणं कमी. उन्हाळ्यात उशीर व्हायचाच.

सरसकट टोचू नकोस. एकदा माज येईल, पण पुढच्या खेपेला गप्प बसल्या तर पुन्हा तीच गाडी. म्हाताऱ्याला वास-आवाज पोचणार नाही इतका लांब हलव. आठवड्याने दुसरीकडचा नर आण, रोज सकाळी पंधरा मिनिटं, की परत. छतावर पाणी मारत जा. जमेलच असं मी सांगत नाही, खोटा धीर देऊन काय करू?

वहिनी म्हणते, स्वतःही जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे.

तुझा दादा

दि. १ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तस्संच केलं. म्हाताऱ्याला पार कुंपणाजवळच्या गोदामात नेलं, शेजारच्या फार्मवरून नर आणला. आठवडाभर काहीच नाही. तेवीस तारखेला हात ठेवला आणि एक जण खांबासारखी उभी राहिली. मी तिथेच रडले. काल सकाळपर्यंत एकतीस झाल्या.

गाडी मात्र आली. उरलेल्या नऊ जणी गेल्या. शिवाय मालक म्हणाले, तीन आठवडे म्हाताऱ्यावाचून काही अडलं नाही, मग त्याला पोसायचं कशाला. या पोरींना त्याचा उपयोग नाही, त्याला हलवू द्या, हे त्यांना मीच पटवलं होतं, तुझं पत्र वाचून दाखवून.

गाडीला लावलेल्या फळीवर चढायला तो तयार होईना. दोघांनी ढकललं तरी हलेना. शेवटी मी पुढे होऊन गाडीत चढले, तेव्हा माझ्यामागून मुकाट्याने आला.

माझ्यावर रागावू नकोस.

तुझी ठमी