रवी कुणी ओळखेना

ओसेनताई,

कोहेईचा नमस्कार. निंगबोला सुखरूप आहे, दोन्ही वेळा पोटभर भात मिळतो. बाबांचा खोकला थांबला का?

आपली रीत कच्ची आहे या शंकेपायी बाबांनी मला चहाची मूळ रीत शिकायला चीनला धाडलं. इथे चहाची बांबूची रवीच कुणी ओळखेना. पूड घुसळणं कधीच सुटलं. नुसती पानं गरम पाण्यात टाकतात. मठातले म्हातारे गुरुजी हसले. "आमचे खापरपणजोबा प्यायचे तसला. तूच दाखव की करून."

दाखवला. शेवटच्या थेंबापर्यंत वाडगा रिकामा करून म्हणाले, "कुणाकडे शिकलास रे?"

बाबांचं नाव सांगितलं, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. रोज धक्क्यावर जातो, पण वारा फिरेपर्यंत जहाज सुटत नाही. मी येईपर्यंत बाबांना जप. विचारायला आता तेवढेच उरलेत.

धक्क्यावर ताटकळलेला,
कोहेई