दुसरा पेला

पनामा सिटी, ४ फेब्रुवारी १९९६

ती. झुनिल्दामावशीस दिग्नाचा सा. न.

मी ठीक आहे. वकिलातीत आम्ही तिघंच: राजदूत एवेलिओसाहेब, मी तृतीय सचिव, आणि ड्रायव्हर तानी. मी नद्यांचं इंजिनिअरिंग शिकले हे साहेबांनी फारच मनावर घेतलंय. गेल्या आठवड्यात त्यांच्या न्हाणीघराचा नळ गळायला लागला, तर मलाच बोलावलं. मी सांगितलं, माझा विषय नदीतला गाळ उपसण्याचा आहे. ते म्हणाले, मग मोरी तुंबली की नक्की बोलावतो.

संध्याकाळी समारंभ असतात. पॅराग्वेला समुद्र नाही तर जहाजं कशाला, हा प्रश्न तिथे दर वेळी कुणीतरी नुकताच सुचल्यासारखा विचारतं.

शेजारच्या न्या देलोबाईंच्या मुलाबद्दल, क्रिस्पीनबद्दल, तू विचारलंस. तो इथल्या कोलोन बंदरात जहाजावर अडकलाय. तब्येत चांगली. जहाजाचा मालक पसार झाला, बाकीचे खलाशी घरी गेले, हा शेवटचा उरला. नांगरलेलं जहाज रिकामं सोडता येत नाही. बंदराचे अधिकारी बार्रियासाहेब स्वतःचा पहारेकरी नेमतील तेव्हाच त्याला उतरता येईल. मी त्यांना भेटले. त्यांनी नियम वाचून दाखवला. मी त्यांना त्याच्या पुढचा नियम वाचून दाखवला. काम सरकलं नाही.

तू पाठवलेली तेरेरेची पत्ती मिळाली; इथल्या उकाड्यात आपला तो गार चहाच तारतो. आभारी आहे.

दिग्ना


पिलार, पॅराग्वे, १८ फेब्रुवारी

चि. दिग्नास मावशीचे अ. आ.

तुझं पत्र न्या देलोंना मोठ्याने वाचून दाखवलं. 'तब्येत चांगली' एवढंच त्यांनी परत परत वाचायला लावलं. बाई रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू पोराला नांगराला मीच बांधलंय. नातीचा बाप्तिस्मा ईस्टरच्या पुढच्या रविवारी ठरलाय. सून म्हणते, बाप आल्याशिवाय पोरीच्या डोक्यावर पाणी पडू देणार नाही. आणि धर्ममाता म्हणून दिग्नाच हवी. रजा नाही हे तुझं ठरलेलं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही.

अगं, त्या साहेबाला नियम कसले वाचून दाखवतेस? तो माणूस आहे की पूल? त्याला बोलाव, सावलीत बसव, गार तेरेरे पाज. तानीला बर्फ फोडायला सांग, पुदिना चुरून टाक. पोट गार झालं की माणसाचा हातही सैल होतो.

आणि 'आभारी आहे' कुणाला लिहितेस? मी काय टपालखातं आहे?

वेळेवर जेवत जा. मावशीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

झुनिल्दा


पनामा सिटी, ५ मार्च

ती. मावशीस सा. न.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे केलं. परिणाम कळवते.

बार्रियासाहेब आले. त्यांना मागच्या अंगणात आंब्याखाली बसवलं. ओतायला तानी. पहिला पेला पाहुण्यांना. त्यांनी नळीने शेवटच्या थेंबापर्यंत ओढला, रुमालाने ओठ टिपले आणि मोठ्या अदबीने आभार मानले. झालं. आपल्याकडे पेला परत देताना आभार मानले म्हणजे पुरे झालं, हे तानीला कुणी शिकवावं लागत नाही. तोच पेला पुन्हा भरून राजदूतांना, मग मला, मग स्वतः तानी, पुन्हा राजदूत. पाहुण्यांच्या नाकासमोरून पेला जात-येत राहिला. ऊन रणरणत होतं. मी पहारेकऱ्याचा विषय मांडत होते आणि ते मान वळवून पेल्याचा माग काढत होते. त्यांनी काही ऐकलं नसावं. शेवटी उठले. म्हणाले, पनामात पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारायची पद्धत आहे. आणि गेले.

राजदूत म्हणतात, संबंध बिघडले. तानी म्हणतो, पुरे म्हणणाऱ्याच्या नरड्यात ओतायचं का? मी खुलाशाचं पत्र तयार केलंय, चार मुद्दे. एवेलिओसाहेब त्यातले स्वल्पविराम तपासताहेत, त्यामुळे महिनाअखेरीपर्यंत जाईल. तोवर न्या देलोंनी फार आशा धरू नये. सांग, पण सावकाश सांग.

धर्ममातेसाठी माझं नाव काढल्याबद्दल आभार. रजा मिळणं अवघड आहे.

दिग्ना


पिलार, १७ मार्च

चि. दिग्नास अ. आ.

हसून हसून मला कवळी काढून टेबलावर ठेवावी लागली. न्या देलो हसल्या नाहीत. मग मीही कवळी परत बसवली.

ते चार मुद्दे चुलीत घाल. थर्मास घे आणि त्याच्या दारात जा. तानी नको, तूच ओत. ओतणारीला समोरच्याचं ऐकूनही घ्यावं लागतं. ते जमतंय का बघ.

आणि त्या बिचाऱ्याला कशाला हसायचं? तूही तेच करतेस. तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हापासून बघतेय: पहिला पेला प्यायचीस, आभार मानायचीस आणि उठून खोलीत. अजूनही प्रत्येक पत्राच्या तळाशी तेच. मी इथे भरलेला पेला धरून बसलेय, बाई. बर्फ वितळला.

लवकर लिही. ओसरीवर वाट बघणाऱ्या आता दोघी आहेत.

झुनिल्दा


पनामा सिटी, २ एप्रिल

ती. मावशीस सा. न.

मसुदा फाडला. राजदूतांना वाईट वाटलं. तिसऱ्या मुद्द्यातला स्वल्पविराम त्यांचा होता.

कोलोनला गेले. बार्रियासाहेबांनी बसायला सांगितलं नाही. मी बसले. पेला भरून पुढे केला आणि सांगितलं, आमच्याकडे आभार मानले की माणूस उठला असं धरतात, तेव्हा तहान भागेपर्यंत काही बोलू नका. त्यांनी पेला हातात घेतला. मग म्हणाले, म्हणजे त्या दिवशी मीच स्वतःला हाकललं? मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या, हो.

ते हसले. प्रत्येक पेल्यानंतर ओठांवर आलेला शब्द गिळताना त्यांचे फार हाल होत होते. मी नियमाचं नाव काढलं नाही. ते गुडघ्याबद्दल बोलले, मग बोटीवर असलेल्या त्यांच्या मुलाबद्दल, तो नाताळलाही घरी येत नाही त्याबद्दल. मग त्यांनीच विचारलं, तुमच्या पोराची कुणी वाट बघतंय का? मी न्या देलोंचं सांगितलं. ओसरीचंही सांगितलं. त्यांनी फोन उचलला आणि पहारेकरी नेमला.

माझ्या तोंडून आभार निघणारच होते. त्यांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, खबरदार, थर्मासमध्ये अजून पाणी आहे!

क्रिस्पीन बारा तारखेच्या विमानाने, बाप्तिस्म्याच्या दोन दिवस आधी, निघतो. त्याच्या शेजारची जागा माझी आहे. रजा एवेलिओसाहेबांनी लगेच दिली, फक्त जाण्याआधी मोरी बघून जा म्हणाले. हे पत्र आधी पोहोचेल की आम्ही, सांगता येत नाही.

या वेळी आभार लिहीत नाही. पेला परत करते आहे. भर.

तुझी,
दिग्ना