दादासाठी भरलेलं पिंप

अण्णा, तुमचं पिंप मी देऊन टाकलं. पेडण्याकडे एक मुलगी आणि तिचा नवरा मिळून छोटासा बियरचा कारखाना चालवतात. दिवाळीनंतर ते टेम्पो घेऊन आले आणि पिंप घेऊन गेले. मागच्या खोलीत ते ज्यावर आडवं असायचं ते फणसाचे दोन ओंडके तेवढे उरलेत. ते का हलवले नाहीत ते मला सांगता येणार नाही. रोज झाडू मारताना त्यांना वळसा घालते. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की शेजारच्या मुलांना तुम्ही फक्त फोटोतले माहीत आहात. मला मात्र अजून संध्याकाळी त्या खोलीचं दार लोटताना वाटतं, आत कुणीतरी खाकरेल.

तुमचं सगळं आयुष्य डिचोलीच्या त्या बियरच्या फॅक्टरीत गेलं. मी शाळेत असताना एकदा तुम्ही मला तिथं आत नेलं होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि आत इतका गारवा की माझे दात वाजायला लागले. तुम्ही तुमचा कामावरचा जाड कोट माझ्या अंगावर टाकलात, तो माझ्या घोट्यांपर्यंत आला. दोन्ही बाजूंना स्टीलच्या उंच टाक्या, चकचकीत, आणि कुठेच कसला वास नाही. मी विचारलं, "अण्णा, बियर खंय आसा?" तुम्ही टाकीवर थाप मारलीत. म्हणालात, "हांगा आसा. पण ही बियर बिचारी काय शिकतली? स्टीलाक ना वास, ना चव. थोडे दिवस रवता आनी बाटलेत जाता." मग आवाज खाली करून, जणू साहेबांनी ऐकू नये असं, "लाकडात ठेवली आसती तर बघूक जाय आशिल्ली." किती दिवस ठेवायची, असं मी विचारलं तर तुम्ही हसलात. "चाखीत रवचें. तेका दुसरो उपाय ना."

ते पिंप आजोबांचं. लाटंबार्से गावात आपल्या काजूच्या बागेखाली भट्टी होती तेव्हा त्यात फेणी मुरायची. भट्टी बंद झाली, पिंप राहिलं, आणि आई त्यावर सुकलेल्या मिरच्यांची सुपं ठेवायची. आई गेल्यावर सुपंही गेली. मग दादाचं पोर्तुगालच्या नागरिकत्वाचं सगळं जुळलं, तिथला पासपोर्ट आला, तिथून पुढे इंग्लंडला जायचं ठरलं, आणि तो निघायच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही ते पिंप अंगणात बाहेर काढलंत. उकळतं पाणी ओतलंत तर फळ्याफळ्यांमधून धारा लागल्या. दादा म्हणाला, "अण्णा, हे मोडलं. टाकून द्या." तुम्ही म्हणालात, "सुकलंय म्हणून गळतंय. पाणी पिलं की फुगतं आणि स्वतःच्या फटी स्वतः बुजवतं." खरंच तसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण कोरडं होतं. फॅक्टरीतल्या मोठ्या साहेबांना सांगून तुम्ही जवाचं माल्ट आणलं होतंत, आणि चुलीवरच्या तांब्याच्या भाणात, पाणी तापवायच्या मोठ्या हंड्यात, घरच्यापुरती काळी, कडक बियर केलीत. दादा निघाला त्या दिवशी ती पिंपात गेली होती. तुम्ही बुचावर हात ठेवून म्हणालात, "तू येशील तेव्हा उघडू." तो तुमच्या पाया पडला, मला म्हणाला, "अण्णांकडे बघ गो," आणि गेला.

मी तुमच्याकडे बघितलं, अण्णा. माझी शाळेतली नोकरी डिचोलीतच होती, माझं लग्न काही जमलं नाही, पुढे जमवायचा प्रयत्नही थांबला. सकाळी पोदेर येऊन पाव देऊन जायचा, तुम्ही फॅक्टरीत, मी शाळेत, आणि संध्याकाळी आपण दोघं समोरासमोर जेवायचो. दादाचा फोन रविवारी यायचा. तो म्हणायचा, पुढच्या चतुर्थीला येतो. मग म्हणायचा, पुढच्या मे महिन्यात. तिथं त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. प्रत्येक वेळी तुम्ही फोन ठेवून मागच्या खोलीत जायचात आणि पिंपावर हात फिरवून यायचात.

पहिल्या उन्हाळ्यातच मला कळलं होतं की काहीतरी बिघडतंय. लाकडातून बियर हळूहळू उडत होती. पिंप वाजवलं की वरचा भाग पोकळ वाजायचा, आणि त्या पोकळीत हवा. बुचाजवळ नाक नेलं की नाकात काहीतरी टोचायचं. मी म्हटलं, "अण्णा, काढूया आता. निदान थोडी चाखून बघा. तुम्हीच म्हणायचात ना, चाखीत रवचें?" तुम्ही ऐकलं नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा म्हटलं. तुम्ही जेवत होतात, हातात घास होता. तो ताटात परत ठेवलात आणि म्हणालात, "तुका घाई कसली गो? तुका कोणाची वाट पळोवची पडना, म्हणून तुका कळना."

तुम्ही रागाने बोलला नव्हतात, दमलेल्या आवाजात बोललात. मी उठून तुमच्या ताटात आमटी वाढली, हे आठवतं. माझ्या ताटात काय होतं ते आठवत नाही.

शेवटी दादा आला. बायको आणि मुलीला घेऊन, एका आठवड्यासाठी. घर आपण रंगवून घेतलं होतं. मुलगी गोड होती, तिला ना मराठी येत होती ना कोंकणी, पण मांजरामागे घरभर पळायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पांढरा सदरा घालून पिंपाजवळ गेलात आणि तोटी ठोकलीत. बाहेर आलं ते निम्मंसुद्धा नव्हतं. रंग सुंदर होता, जुन्या सागवानासारखा. तुम्ही आधी दादाला काचेचा कोप भरून दिलात, मग वहिनीला. दादाने एक घोट घेतला. त्याचे डोळे मिटले गेले. म्हणाला, "छान झालीय, अण्णा. एकदम वेगळी." मग फोन आल्याचं निमित्त करून अंगणात गेला. मी स्वयंपाकघराच्या जनेलातून बघितलं, त्याने कोप माडाच्या बुंध्याशी ओतला. आणि मागे वळले तर तुम्ही माझ्या खांद्यावरून तेच बघत होतात. तो वाईट माणूस नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच त्याने तसं केलं. संध्याकाळी त्याने फ्रीजमधली बियर काढली, तुमच्याच फॅक्टरीतली, आणि तुम्ही त्याच्याबरोबर ती प्यायलात.

ते गेले त्या दिवशी मी बांगडे तळत होते. तुम्ही मागच्या खोलीतून कोप भरून आणलात आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसलात. प्यायचात, तोंड वाकडं करायचात, पुन्हा प्यायचात. मी गॅस बंद केला, तुमच्या हातातून कोप घेतला आणि उरलेली एका दमात प्यायले. डोळ्यांतून पाणी आलं.

"कशी झाल्या?" तुम्ही विचारलंत.

"आंबट."

"खूब?"

"सोलकढी बरी म्हणायची इतकी."

तुम्ही हसलात. दादाने कोप ओतल्यापासूनचं ते पहिलं हसणं. मग म्हणालात, "तोच खरां सांगतलो अशें दिसलेलें माका. तुवें सांगलें." ती बियर आपण गराफांवात, काचेच्या मोठ्या बुधल्यात, भरली आणि लोणच्याला, मासळीला शिर्का म्हणून वर्षभर वापरली. वाया नाही गेली.

तुम्ही निवृत्त झालात, मग छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं, आपल्या घराला जिनाच नव्हता, म्हणून तुम्ही खुशीत होतात. त्या वर्षी, थंडी पडायला लागल्यावर, तुम्ही एकदम म्हणालात, "परत भरूया." मी म्हटलं, कुणासाठी? तुम्ही म्हणालात, "बियरीसाठी." आंबलेलं पिंप साफ करताना तुम्ही खुर्चीत बसून सांगत होतात आणि मी करत होते. उकळतं पाणी, मग ऊन, मग आत गंधकाची वात जाळायची. पदर नाकाला लावून मी खोकत होते आणि तुम्ही म्हणत होतात, "आनीक मातशी, बाय, आनीक मातशी." मग पुन्हा तशीच काळी बियर केली. या वेळी ती भरण्याआधी तुम्ही पिंपाच्या तोंडाच्या फळीला बारीक भोक पाडून त्यात स्टीलचा खिळा बसवून घेतलात. खिळा ओढला की सुतासारखी धार यायची, चमचाभर घ्यायची, खिळा परत दाबायचा. बुच उघडायला नको, हवा आत जायला नको.

दर रविवारी दुपारी आपण चाखायचो. तुम्हाला चमच्याहून जास्त मनाई. मी आधी प्यायचे, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत असायचात. सुरुवातीला नुसती फेणी. बियर कुठेतरी मागे. "आजोबा अजून बाजूला होत नाहीत," मी म्हणायचे. मग एका रविवारी काजूच्या बोंडूचा वास हलका झाला आणि त्याच्यामागून भाजलेल्या खोबऱ्यासारखं काहीतरी आलं. पुढच्या रविवारी दोन्ही एकमेकांत मिसळलेलं. तोवर माडाच्या झावळ्यांतून उष्ण वारा यायला लागला होता, शिरगावची जत्रा जवळ आली होती. तुमच्या पायांवर सूज होती. रात्री तुम्ही उशांना टेकून बसून झोपायचात. आणि मी दर रविवारी म्हणायचे, "अजून नाही अण्णा. अजून थोडे दिवस."

तुम्ही बरेच रविवार ऐकून घेतलंत. मग एक दिवस चमचा तोंडातून काढून बशीत ठेवलात.

"बियर जाली गो, बाय. केदनाच जाली. आतां रवली तर लाकूड चावल्यासारखी लागतली. तुका कळ्ळां, माका कळ्ळां. मग कित्याक पुढे ढकलता?"

मी खिळा उगाचच पुन्हा दाबला.

"बियर पिंपात रवली म्हूण हांव रावचों ना," तुम्ही म्हणालात. खिळ्याकडे बघत होतात, माझ्याकडे नाही. "तेदना चुकलें म्हजें. तू घरात आशिल्ली आनी हांव दाराकडे पळयत बसलों. काड. बरी आसा तेदनाच काडपाची."

आपण ती त्याच दुपारी काढली. सोप्यावर बसलो, तुम्ही खुर्चीत, मी पायरीवर. तुम्ही डॉक्टरांचं न ऐकता अर्धा कोप प्यायलात, आणि मी अडवलं नाही. रस्त्यावरून ओळखीचं कुणी गेलं की तुम्ही हाक मारायचात, "यो रे, चाख. म्हज्या चलयेन केल्या." माझ्या मुलीने केलीय. मी केली नव्हती, आपण केली होती. पण तुम्ही प्रत्येकाला तसंच सांगितलंत. पावसाळ्यात तुम्ही गेलात. दादा येऊ शकला, तिसऱ्या दिवशी पोचला, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मी त्याला थोपटत राहिले.

त्यानंतर मी पिंप कधी भरलं नाही. सुकू नये म्हणून अधूनमधून पाणी मात्र घालत राहिले. गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले आणि वाटलं, आता ते कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. काल त्या पेडण्याच्या मुलीने फोन करून बोलावलं. दोन बस बदलून गेले. शेडमध्ये तुमच्या फॅक्टरीसारख्याच टाक्या, लहान, आणि कोपऱ्यात आपलं पिंप, तेल लावून पुसलेलं, भरलेलं. तिने खिळासुद्धा तसाच ठेवलाय. "मावशी, आता चार महिने होत आले," ती म्हणाली. "पुस्तकात एक लिहिलंय, नेटवर दुसरंच, इथल्या उकाड्याचं कुणीच लिहीत नाही. किती ठेवू?" मी चाखली. नारळ होता, जळक्या साखरेसारखा कडवटपणा होता, फेणी अगदी शेवटी. मी म्हटलं, "या आठवड्यात काढ." ती म्हणाली, "माझ्या मैत्रिणीचा भाऊ दुबईहून येणार आहे पुढच्या महिन्यात." त्याच्या लग्नात उघडायचं त्यांच्या मनात होतं. मी जरा मोठ्यानेच बोलले असेन. "त्याच्यासाठी बाटलीत भरून ठेव. पिंपात नको." तिने माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली आणि नवऱ्याला हाक मारली.

हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. आणखी एक, आता लपवून काय करायचं. अण्णा, मला बियर कधीच आवडली नाही. तेव्हाही नाही, त्या रविवारीही नाही. काल मात्र त्या मुलीने कोप पुढे केला तो मी सगळा संपवला, वर अजून थोडी मागून घेतली, कारण ती दोघं बोलत होती आणि मला इतक्यात उठून घरी यायचं नव्हतं.