फोटोवरचा हार

मंगळवार, क्लोनडॉकिन

हुश्श! फोटो उतरवला, आणि कुणी रागावलंही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी स्वतः चालवलेल्या एका संस्थेची वेबसाइट मी इथून, जगाच्या दुसऱ्या टोकावरून, फावल्या वेळात सांभाळते. जमिनीच्या हक्कांसाठी लढलेले त्यांच्यातले एक आजोबा गेले, तर मी शहाणीने त्यांचा भलामोठा फोटो पहिल्याच पानावर लावला, वर झेंडूचा हार घालून! आपल्याकडे दुसरं काय करतात?

सकाळी लिक्सलिपला ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरतेय, तोच त्या संस्थेतल्या आंटींचा फोन (तिकडे वडीलधाऱ्या बाईंना मानाने आंटी म्हणतात). त्यांच्यात घरचे हो म्हणेपर्यंत गेलेल्या माणसाचा फोटो दाखवत नाहीत, नावही घेत नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गाडीत बसूनच फोटो उतरवला. आता संपलंच सगळं, असं वाटलं. पण आंटी म्हणाल्या, "फुलं राहू दे, पोरी. छान आहेत."

आता पानावर नुसता हार.

संध्याकाळी आईला सांगितलं. नागपूरहून माझ्याकडे आलीय ना. ती म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा मलाही फोटो बघवत नव्हता. पण मला कुणी विचारलंच नाही."

हॉलमधला बाबांचा हार घातलेला फोटो काढून ठेवू का, विचारलं.

"असू दे," आई म्हणाली. "आता बघवतो."