पुण्याच्या साहेबांचा फोन

आई, तुझ्या कंप्युटरमध्ये चोर शिरला. कुलूपबिलूप तोडून नाही हं, बाबांनीच "या, बसा" म्हणून आत घेतला. तू असतीस तर आधी त्यांना सोलून काढलं असतंस आणि मग माझ्याकडे वळली असतीस, म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं. तुझ्या ऑफिसात कंप्युटर आले तेव्हा तू पहिल्यांदा शिकलीस आणि मग घरच्या मशीनला जे नियम लावलेस ते देवघरालाही नव्हते. दर अमावस्येला दुपारी कॅबिनेटची बाजू उघडायची, मऊ ब्रशनं पंख्यावरची धूळ काढायची, अपडेट करायचं, मग सगळ्याची कॉपी डिस्कवर घ्यायची आणि डिस्क काढून कपाटात. अमावस्याच का, असं मी विचारलं तर म्हणालीस, "कॅलेंडरात काळी ठळक दिसते, विसरायला होत नाही." आणि मी कॉलेजातून मैत्रिणीचा पेनड्राइव्ह आणला तो दिवस! तू पुऱ्या तळत होतीस. हातात झारा तसाच घेऊन बाहेर आलीस. "कुणाचं उष्टं माझ्या मशीनला लावायचं नाही! तिला कुणाकडून आलंय, तुला पता तरी आहे का?" मी तेव्हा दार आपटून गेले होते. आज ऑफिसात नव्या पोरांना मीच हे सांगते, फक्त झारा नसतो.

शेवटच्या वर्षी तू माझ्या लेकीसाठी गोष्टी रेकॉर्ड करायचीस. आम्ही तेव्हा भोपाळला होतो. माइकसमोर बसून तुझी ती आपली इंदुरी खिचडी, "मग तो राजा एकदम परेशान होऊन गेला, बेटा." आमच्याकडच्या प्रती फोन बदलताना गेल्या. उरल्या त्या तुझ्या मशीनवर आणि त्या डिस्कवर, बस. तू गेल्यावरही बाबा अमावस्या पाळायचे. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना डिस्क लावायची मागची ती बारकी फट सापडेना, म्हणून डिस्क कायम लावलेलीच. मी ओरडले, "बाबा, चोर आला तर दोन्ही एकदम जातील हो." तर म्हणाले, "राहू दे गं, ती काय कुठे पळून चाललीये?"

तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नेहमीसारखा फोन लावला. बिझी. परत लावला, बिझी. बाबांचा फोन बिझी! त्यांना कोण फोन करतं? चौथ्यांदा उचलला आणि आवाज असा खुललेला की मी चाटच पडले. "अगं, नंतर कर. कंप्युटरवाले साहेब आहेत लाइनवर. आपल्या मशीनमध्ये व्हायरस आलाय, ते तिथूनच काढून राहिलेत. पुण्याचे आहेत. काय मराठी बोलतात गं, वाह!" मी किंचाळले, "बाबा, वायर काढा!" पण त्यांनी फोन ठेवला होता. शेजारच्या काकूंना फोन केला, त्या बाजारात. ऑफिसातल्या साहेबांना न सांगता गाडी काढली. विजयनगरच्या माझ्या ऑफिसापासून लालबागच्या मागे आपल्या घरापर्यंत म्हणजे अख्खं इंदूर आडवं पार करायचं. कृष्णपुऱ्याच्या पुलावर सगळं ठप्प. एक टेम्पो आडवा, मी हॉर्नवर हॉर्न. बाजूचा स्कूटरवाला म्हणतो, "क्या हो गया दीदी, किसी की तबीयत खराब है क्या?" काय सांगू त्याला? माझी आई मिटवतायत म्हणून? बँकेचं काही त्या मशीनवर नव्हतं, तू ते कधी येऊच दिलं नाहीस. म्हणजे त्या माणसाला तिथे घेण्यासारखं काही मिळणार नाही, आणि मग तो चिडून जे आहे त्याला कुलूप घालणार, पैसे द्या म्हणणार. मला हे धंदे माहीत आहेत. त्या पुलावर गाडीत बसून मी तुझ्या एकेक गोष्टी आठवत होते आणि मला दोनच धड आठवल्या.

पुढचं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी धावत आत गेले, भिंतीतला प्लग ओढला, पडदा काळा झाला. बाबांच्या हातून फोन हिसकला, त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले, हिंदीत. बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिले. "चोर होता?" म्हणाले. मग, "पण मराठी बोलत होता गं." एवढंच. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की मी स्वैपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. नंतर सगळं रीतसर केलं. पोलिसांत तक्रार, मशीन पुसून नव्यानं उभं केलं, सगळे पासवर्ड बदलले, डिस्क आता माझ्या घरी असते. तुझ्या निम्म्याहून जास्त गोष्टी गेल्या. दादा फोनवर बाबांना नाही नाही ते बोलला. बाबांनी ऐकून घेतलं. आता ते मशीनला हातच लावत नाहीत, कापड घालून ठेवलंय.

हे त्याच मशीनवर टाइप करतेय, बाबा आत झोपलेत. सेव्ह करणार नाही. दादाला मी सांगितलं की पोचायला उशीर झाला, पुलावर अडकले होते.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं, आई. बाबांची पाठ माझ्याकडे. फोन कानाला, आणि ते तुझ्याबद्दल बोलत होते. तू गेल्यापासून त्यांनी तुझ्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, माझ्यापाशी नाही, दादापाशी नाही. मी विषय काढला की उठून जायचे. आणि त्या माणसाला सांगत होते, "फार कडक होती हो साहेब. ती असती तर तुम्हाला हात लावू दिला नसता. पण संध्याकाळी मशीन बंद केलं की माझ्याकडे खुर्ची फिरवायची आणि म्हणायची, हं, आता बोला. मी अजून संध्याकाळी इथे येऊन बसतो. पण बोलू कुणाशी?" तो तिकडून हो हो म्हणत होता, त्यांना बोलतं ठेवत होता. पडद्यावर तुझ्या गोष्टींची नावं एकामागून एक बदलत चालली होती, एकेकीला कुलूप पडत होतं. मला ते दिसत होतं. काय चाललंय ते कळतही होतं. मी एक शब्द बोलले असते तर बाबा गप्प झाले असते, म्हणून मी उंबऱ्यात उभी राहिले आणि ते थांबेपर्यंत ऐकलं.

मला उशीर झाला नव्हता. मी वेळेवर पोचले होते.